पुण्यात कारखान्यांचे जनरेटर चालले, त्याची किंमत कोणी मोजली?

वीजटंचाईचा विषय निघाला किंवा उद्योगांच्या वीजदरावर सुनावणी लागली की एक दावा हमखास पुढे केला जातो. तो थोडक्यात असा. ज्या कारखान्यांकडे स्वतःचे जनरेटर आहेत, त्यांना ते चालवण्यासाठी पैसे देणे म्हणजे उद्योगपतींना अनुदान देणे होय. २००६ साली ‘पुणे मॉडेल’च्या नावाखाली हेच झाले. खेड्यांच्या वाट्याची वीज शहराने पळवली, कारखानदारांचे खिसे भरले, सामान्य घराच्या बिलावर अधिभार बसला आणि महागडे डिझेल जाळून हाती काहीच लागले नाही. आजच्या कॅप्टिव्ह प्रकल्पांना, म्हणजे उद्योगांनी स्वतःच्या वापरासाठी उभारलेल्या वीजप्रकल्पांना, मिळणाऱ्या सवलती हाही त्याच लुटीचा पुढचा भाग आहे. या दाव्यात पाच वेगवेगळी विधाने एकमेकांत गुंतवलेली आहेत. त्यांतल्या एकात काही तथ्य आहे, पण बाकीची वस्तुस्थितीला धरून नाहीत, म्हणून ती एकेक सुटी करून तपासायला हवीत.

आधी घटना काय होती ते पाहू. जून २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण, महानिर्मिती आणि महापारेषण या कंपन्या अस्तित्वात आल्या, तेव्हा राज्यात मागणी आणि पुरवठा यांतली तफावत झपाट्याने वाढत होती आणि लवकरच ती ऐन मागणीच्या तासांत चार हजार मेगावॉटच्या पुढे गेली. भारनियमन सगळीकडे होते. पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसराची तूट सुमारे ९० मेगावॉट होती. याच परिसरातील मोठ्या कारखान्यांत, वीज गेल्यावर काम थांबू नये म्हणून बसवलेले डिझेल आणि फर्नेस ऑइलवर चालणारे जनरेटर संच होते आणि त्यांची एकत्रित क्षमता ही तूट भरून काढण्याइतकी होती. भारतीय उद्योग महासंघाच्या पुणे शाखेने प्रस्ताव मांडला की टंचाईच्या तासांत या कारखान्यांनी आपले संच चालवावेत, ग्रिडमधून तेवढी वीज कमी घ्यावी, वाचलेली वीज महावितरणने शहराला द्यावी आणि संच चालवण्याचा जादा खर्च शहरातील ग्राहकांकडून भरून काढावा. राज्य वीज नियामक आयोगाने जाहीर सुनावणी घेऊन त्याला मंजुरी दिली आणि २००६ च्या मध्यापासून पुण्यातले भारनियमन थांबले.

आता पहिले विधान: खेड्यांची वीज शहराने पळवली. सगळ्यात जास्त संताप याच विधानामुळे होतो, म्हणून त्याकडे सगळ्यात काळजीपूर्वक पाहायला हवे. भोसरीच्या एखाद्या कारखान्याने आपला संच सुरू केला आणि ग्रिडवरचा दोन मेगावॉटचा भार उतरवला, तर ते दोन मेगावॉट त्या क्षणापर्यंत कोण वापरत होते? तोच कारखाना. राज्याच्या पुरवठ्यातून पुणे परिसर जेवढी वीज आधी उचलत होता, तेवढीच नंतरही उचलत होता. परिसराच्या आत फक्त वाटणी बदलली, कारखान्याच्या फीडरवरची (उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिनीवरची) वीज घरांच्या आणि दुकानांच्या फीडरवर गेली. खेड्याच्या वाट्यातून एक युनिटही कमी झाले नाही.

यावर उलट प्रश्न विचारला जातो की मोकळी झालेली ही वीज पुण्यालाच का द्यायची, सगळ्या राज्यात का वाटायची नाही? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर हिशेबातच आहे. चार हजार मेगावॉटच्या तुटीसमोर ९० मेगावॉट म्हणजे जेमतेम सव्वादोन टक्के. एखाद्या गावात रोज सहा तास वीज जात असेल, तर ही वीज राज्यभर समान वाटल्यावर त्या गावाला रोज साधारण आठ मिनिटे जादा वीज मिळाली असती. शिवाय त्यासाठी लागणारा खर्चही राज्यभरच्या ग्राहकांवर टाकावा लागला असता. ज्यांना पुरवठा मिळाला त्यांच्याकडूनच पैसे घेणे, हा या योजनेतला सर्वांत न्याय्य भाग होता असे मला वाटते.

खेड्यांवर अन्याय झाला नाही असे मात्र मी म्हणणार नाही. वीजगळती आणि बिलवसुलीच्या प्रमाणावरून विभागांचे गट पाडायचे आणि ज्या गटात गळती जास्त तिथे जास्त तास वीज बंद ठेवायची, असे भारनियमनाचे धोरण होते. वेळेवर बिल भरणारा शेतकरी त्यात शेजाऱ्यांनी वीजचोरीसाठी तारांवर टाकलेल्या आकड्यांमुळे भरडला जात असे. ही तक्रार खरी आहे. परंतु ती भारनियमनाच्या त्या धोरणाविरुद्धची तक्रार आहे, आणि पुण्यातले जनरेटर एक तासही चालले नसते तरी ते धोरण तसेच लागू राहिले असते.

दुसरे विधान: कारखानदारांचे खिसे भरले. त्या वेळी डिझेलचा भाव लिटरला ३५ रुपयांच्या आसपास होता. चांगल्या स्थितीतला मोठा संच एका लिटरमध्ये साडेतीन युनिटांच्या आसपास वीज देतो, म्हणजे निव्वळ इंधनाचा खर्चच युनिटला दहा रुपये होतो आणि तेल, फिल्टर, देखभाल धरून तो सुमारे ११ रुपयांवर जातो. महावितरणची वीज कारखान्याला चार रुपयांच्या आसपास पडत होती. योजनेत भरपाई या दोन दरांमधल्या फरकाची होती. कारखान्याने एरवी महावितरणला जे चार रुपये दिले असते, ते त्याने स्वतःच्या विजेसाठी खर्च केलेच आणि वरचे सुमारे सात रुपये त्याला परत मिळाले. याला अनुदान म्हणणे चूक आहे, कारण योजना नसती तर तोच कारखाना ग्रिडची चार रुपयांची वीज वापरून तितकेच उत्पादन घेत राहिला असता आणि त्याला संचाचे तास वाढवून ओव्हरहॉलिंग लवकर ओढवून घ्यावे लागले नसते.

कारखान्याच्या बाजूने ही योजना प्रत्यक्ष कशी चालते तेही पाहावे. ठरलेल्या वेळेआधी ऑपरेटर डिझेल संच सुरू करून गरम होऊ देतो, पॅनेलवर त्याचे व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी ग्रिडशी जुळवतो किंवा ठरावीक विभाग ग्रिडवरून काढून संचावर टाकतो, संच किती तास चालला ते दाखवणारा हवर मीटर आणि निर्मितीचा मीटर यांचे आकडे लॉगबुकात उतरवतो आणि ठरलेले तास संपल्यावर भार पुन्हा ग्रिडवर घेतो. पैसे द्यायचे ते या मीटरच्या आकड्यांवर. संच नुसता दारात उभा आहे म्हणून कोणाला काही देण्याचा प्रश्न येत नाही. अशा योजनेत लबाडीला वाव असेल तर तो एकाच ठिकाणी, की एरवीही चालणारा संच योजनेत दाखवून भरपाई मागितली जाईल. म्हणून आधीच्या महिन्यांतला ग्रिडचा वापर किती होता हे पक्के ठरवणे आणि त्या तासांत तो खरोखर उतरला का हे पाहणे अत्यावश्यक ठरते. या व्यवस्थेवर टीका करायचीच असेल तर मीटरिंगच्या काटेकोरपणावर करावी, ती उपयोगाची ठरेल.

तिसरे विधान: सामान्य घराच्या बिलावर अधिभार बसला. या आकाराला ‘रिलायबिलिटी चार्ज’ असे नाव होते आणि तो युनिटला ४० पैशांच्या आसपास होता. मात्र महिन्याला ३०० युनिटांपर्यंत वीज वापरणाऱ्या घरगुती ग्राहकांना त्यातून वगळले होते. दोन पंखे, चार दिवे, फ्रिज आणि टीव्ही असलेले पुण्यातले साधे घर ३०० युनिटांच्या बरेच खाली राहते. म्हणजे बहुसंख्य घरांना भारनियमनातून सुटका एक पैसाही न देता मिळाली. ज्यांचा वापर ४०० युनिटांचा होता त्यांना महिन्याला १६० रुपयांच्या आसपास जादा पडले. एवढ्या पैशांत बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर घेऊन तो सांभाळणे त्या काळीही शक्य नव्हते.

चौथे विधान, म्हणजे महागडे डिझेल जाळून हाती काहीच लागले नाही, हे पर्यायांचा विचार न करता केलेले आहे. भारनियमनाच्या काळात पुण्यातल्या पेठांमधून चाललेल्या कोणालाही फुटपाथवर साखळीने बांधलेले छोटे जनरेटर आठवतील. केरोसीन किंवा पेट्रोलवर चालणारे हे संच दुकानाच्या पायरीशी धूर ओकत असत आणि त्यांच्या आवाजात गिऱ्हाईकाशी बोलणे अवघड होई. असा छोटा संच लिटरमागे जेमतेम दीड-दोन युनिटे देतो. घरोघरच्या इन्व्हर्टरचे गणितही बरे नव्हते. बॅटरी भरताना आणि वापरताना दर दहा युनिटांपैकी तीन-चार वाटेतच जातात आणि वीज परत आली की हजारो बॅटऱ्या एकदम चार्जिंगला लागून मागणी आणखी फुगते. या सगळ्याची जागा बंदिस्त खोलीतल्या, ध्वनिरोधक आवरणाच्या, उंच धुराडे असलेल्या काही मोठ्या संचांनी घेतली, तर शहराच्या हवेचे आणि खिशाचे नुकसान कमीच होते. नवे वीजकेंद्र उभे करायला चार-पाच वर्षे लागतात. हे संच आधीच विकत घेतलेले होते, त्यांचे भांडवल गुंतून पडले होते आणि काही महिन्यांच्या वाटाघाटींत ते कामाला लागले.

इथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. पुढे पुण्यात आणि मुंबईलगतच्या काही शहरांत भारनियमनमुक्तीसाठी बाहेरून महाग वीज विकत घेण्याच्या योजना आल्या. त्यांत स्थानिक संचांचा संबंध उरला नाही. जिथे राज्य स्वतःच बाजारात वीज शोधत हिंडत होते, त्याच बाजारात एका शहरासाठी वेगळी खरेदी केली तर इतरांच्या वाट्यावर आणि भावावर परिणाम होऊ शकतो. ‘शहराने वीज पळवली’ हा आक्षेप या दुसऱ्या प्रकाराविरुद्ध घेता येतो. दोन्ही प्रकारांना एकच नाव पडल्यामुळे पहिल्याला दुसऱ्याचा दोष चिकटला आहे.

त्याचप्रमाणे पुण्याचा तो प्रयोग आज जसाच्या तसा परत आणा असेही मी म्हणत नाही. डिझेल आता लिटरला ९० रुपयांच्या घरात आहे आणि त्याची वीज युनिटला २५ रुपयांच्या पुढे जाते. वीजबाजारातल्या बहुतेक व्यवहारांवर केंद्रीय नियामक आयोगाने २०२३ मध्ये युनिटला १० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. दहा रुपयांची वीज बाजारात उपलब्ध असताना पंचवीस रुपयांची भरपाई देणे कोणत्याही आयोगाला समर्थनीय ठरवता येणार नाही.

पाचवे विधान: आजच्या कॅप्टिव्ह सवलती म्हणजे त्याच लुटीचा पुढचा भाग. इथे दोन निराळ्या गोष्टींची गल्लत आहे. पुण्यात ग्राहकांनी एका विशिष्ट तासाला ग्रिडवरचा भार उतरवण्याची सेवा विकत घेतली. कॅप्टिव्ह निर्मितीचा हक्क २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ९ मधून येतो. २००५ च्या नियमांनुसार वापरकर्त्यांची मालकी किमान २६ टक्के आणि तयार विजेचा त्यांचा स्वतःचा वापर किमान ५१ टक्के असेल तर तो प्रकल्प कॅप्टिव्ह ठरतो आणि कलम ४२ नुसार त्या विजेवर क्रॉस-सबसिडी अधिभार, म्हणजे इतरांचे स्वस्त दर भागवण्यासाठी घेतला जाणारा आकार, लागत नाही. ग्राहक दुसरीकडून वीज घेतो तेव्हा महावितरणचा स्थिर खर्च भरून काढण्यासाठी लावला जाणारा अतिरिक्त अधिभारही कॅप्टिव्ह वापरकर्त्यांवर लावता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये महावितरण विरुद्ध जेएसडब्ल्यू स्टील या प्रकरणात दिला. यात कोणी कोणाला भरपाई देत नाही, फक्त एक आकारणी होत नाही. त्यामुळे शेतीपंपांच्या स्वस्त दरासाठी उद्योगांकडून येणारा पैसा आटतो, ही चिंता योग्य आहे. २६ टक्के मालकी केवळ कागदावर दाखवून अनेक कंपन्यांना एका प्रकल्पात गोवले जाते, हा आक्षेपही विचारात घेण्यासारखा आहे. पण त्याचे उत्तर मालकीच्या काटेकोर तपासणीत आहे. स्वतःच्या आवारात संच चालवणाऱ्या कारखान्याला त्यासाठी लुटारू ठरवणे अन्यायाचे आहे.

अशा कारखान्याचे महावितरणचे बिल एकदा नीट वाचावे. ग्रिडकडून घेतलेली युनिटे कमी झाली तरी कमाल भारावर (केव्हीएवर) आकारला जाणारा डिमांड चार्ज सुरूच राहतो, कारण प्रत्यक्ष वापर कितीही खाली आला तरी करारित मागणीच्या, म्हणजे करारात ठरलेल्या कमाल भाराच्या, ठरावीक टक्क्यावर तो द्यावाच लागतो. उच्चदाब उद्योगांना ७५ टक्क्यांपेक्षा जास्त लोड फॅक्टर (करारित मागणीनुसार शक्य असलेल्या वापराशी प्रत्यक्ष वापराचे प्रमाण) राखल्यास वीज आकारात कमाल १५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची पद्धत राज्यात अनेक वर्षे राहिली आहे. आवारातला संच किंवा छतावरचे सौर पॅनेल चालू झाले की करारित मागणी तीच राहून ग्रिडची युनिटे घटतात, लोड फॅक्टर खाली येतो आणि ही सूट हातची जाते. स्वतःची वीज तयार करणाऱ्याला सवलतीवर सवलत मिळते ही समजूत या दोन ओळींपाशीच गळून पडते.

पुण्यात ज्या गोष्टीसाठी वेगळी वाटाघाट करावी लागली ती आता दररचनेतच येऊ लागली आहे. केंद्राच्या २०२३ च्या सुधारित नियमांनुसार १० किलोवॉटपेक्षा जास्त मागणी असलेल्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांना एप्रिल २०२४ पासून तासांनुसार वेगळे दर लावायचे आहेत. उन्हाच्या तासांत दर किमान २० टक्के कमी आणि ऐन मागणीच्या वेळी तो सर्वसाधारण दराच्या किमान १.२ पट, अशी त्यांची रचना आहे. ज्या कारखान्याकडे गॅसवर चालणारा संच, वाफेवरची सहनिर्मिती (कामाची वाफ आणि वीज एकत्र तयार करणे) किंवा बॅटरी आहे, त्याने ती संध्याकाळी वापरावी असा याचा सरळ अर्थ होतो. प्रश्न इतकाच उरतो की १.२ पट हा फरक त्यासाठी पुरेसा आहे का आणि राखीव पुरवठ्यासाठी महावितरणला येणारा खरा खर्च त्यासाठीच्या स्टँडबाय आकारात पूर्णपणे उतरतो का. दरनिश्चितीच्या सुनावणीत ग्राहक प्रतिनिधींनी महावितरणकडे या दोन्हींचा तासवार हिशेब मागावा.