‘पैसे पाण्यात’ या अभिप्रायाला दुकानाकडून उत्तर

नमस्कार. आमच्याकडून घेतलेल्या टर्नटेबलबद्दलचा (तबकड्या वाजवायच्या यंत्राबद्दलचा) तुमचा दोन ताऱ्यांचा अभिप्राय वाचला, सोबतचा फोटोही मोठा करून पाहिला. सतत घूं असा आवाज येतो, गाणं लांबून आल्यासारखं बारीक ऐकू येतं, गाणाऱ्या बाईंचा आवाज चढा लागतो, सुई घसरते आणि आजोबांच्या तबकड्या स्पिरिटने पुसूनही नुसती खरखर करतात. सबब टर्नटेबल सदोष, पैसे पाण्यात, ते परत द्या, असं तुमचं म्हणणं. पैशांचं शेवटी लिहितो. टर्नटेबल सदोष आहे असं फोटोवरून तरी दिसत नाही.

आधी ते स्पिरिट थांबवा. बाकी सगळं चार दिवस राहिलं तरी चालेल, हे नाही. आजोबांच्या त्या जड, पडल्या की फुटणाऱ्या 78 च्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार पॉलिशसाठी चपडा लाख स्पिरिटमध्येच भिजत घालतो. पुसलेल्या तबकडीची चमक गेली असेल, तर खाचांचा वरचा थर गेला असं समजा. तो परत येत नाही. उरलेल्या तबकड्या साध्या पाण्यात सौम्य साबणाचा थेंब टाकून, मऊ कापडाने, मधलं लेबल कोरडं ठेवून पुसा आणि लगेच कोरड्या करा.

खरखरीचं दुसरं कारण सुई. टर्नटेबलवर 78 चं बटण आहे, पण ते फक्त वेगाचं. लावलेली सुई एलपीची (नंतरच्या, 33 फेऱ्यांच्या प्लास्टिकच्या तबकडीची) आहे, तिच्या टोकाची त्रिज्या साधारण 18 मायक्रॉन. 78 च्या रुंद खाचेला 65 ते 75 मायक्रॉनची सुई लागते. बारीक सुई खाचेच्या दोन्ही भिंतींना टेकतच नाही, तळाला साचलेल्या कचऱ्यातून घासत जाते, आणि तोच कचरा तुम्हाला ऐकू येतो. 78 ची सुई वेगळी मिळते, त्याच कार्ट्रिजला (सुई ज्यात बसते त्या डबीला) बसते आणि तिला वजनही जास्त द्यावं लागतं. ती चुकूनही एलपीवर टेकवू नका. आणि एक आत्ताच सांगतो, म्हणजे पुढचा अभिप्राय त्यावर यायला नको: ग्रामोफोनच्या पोलादी सुईने वर्षानुवर्षं झिजवलेल्या खाचा कुठल्याही सुईने नव्या होत नाहीत.

आता ते नाणं. फोटोत टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या दांड्याच्या) टोकावर एक रुपया ठेवलेला दिसतो. ही युक्ती सांगणारे काका-मामा घरोघरी आहेत. त्यांच्या तरुणपणीच्या पेटीवजा प्लेअरमधल्या सिरॅमिक कार्ट्रिजला पाच-सहा ग्रॅम वजन चालायचं, म्हणून त्यांचं निभावलं. तुमच्या कार्ट्रिजला लागतात 2 ग्रॅम, आणि रुपया एकटाच तीन ग्रॅमच्या वर भरतो. सुई घसरते कारण आर्मच्या मागच्या टोकाचं वजन आधी तोललेलं नाही, नुसती आकड्यांची रिंग 2 वर फिरवलेली आहे. आर्म तोललेला नसेल तर त्या 2 ला काही अर्थ नाही. अँटिस्केटिंग (आर्मला आत ओढणारा जोर तोलणारी चकती) शून्यावर न्या, सुईचं झाकण काढा, आर्म मोकळा सोडा आणि मागचं वजन पुढेमागे फिरवत आर्म आडवा, अधांतरी तरंगेल असं करा. मग वजन न हलवता नुसती रिंग 0 वर आणा. त्यानंतर वजन आणि रिंग एकत्र फिरवून 2 वर, अँटिस्केटिंगही 2 वर. हे करताना सुईला बोट लागू देऊ नका. टर्नटेबल सपाट आहे का तेही पाहा. गवंड्याची पाणपातळी चालते.

आवाज चढा लागतो त्याचं कारण फोटोतच आहे: एलपी लावली आहे आणि बटण 45 वर. त्यामुळे काळी एकमध्ये गाणारी बाई काळी तीनच्याही थोडी वर जाते. बटण 33 वर आणा.

बारीक आवाजाचं कारण मागच्या बाजूला असावं. कार्ट्रिजमधून निघणारा सिग्नल चार-पाच मिलिव्होल्टचा. शिवाय तबकडी कापतानाच खर्ज दाबलेला आणि तार सूर वाढवलेले असतात (1954 पासून सगळीकडे रूढ झालेली रीत). ते उलटं करून वाढवायचं काम फोनो भागाचं. तुमच्या अ‍ॅम्पच्या ऑक्समध्ये (फोनो भाग नसलेल्या जोडणीत) वायर लावली असेल तर टर्नटेबलमागचा खटका ‘लाइन’वर हवा, म्हणजे टर्नटेबलमधलाच फोनो भाग चालू होतो. अ‍ॅम्पला फोनोची जागा असेल तर खटका ‘फोनो’वर ठेवून तिथे लावा. दोन्हीकडे फोनो भाग चालू राहिला तर आवाज फाटतो.

घूं दोन प्रकारचं असतं. सुई उचललेली असतानाही येत असेल, तर लाल-पांढऱ्या वायरींसोबतची बारीक अर्थिंगची वायर अ‍ॅम्पच्या मागच्या स्क्रूला बांधा. सुई टेकल्यावरच येऊन आवाज वाढवताच घुमत असेल, तर स्पीकर हलवा. फोटोत दोन्ही स्पीकर टर्नटेबलच्याच शोकेसवर आहेत. त्यांचा हादरा लाकडातून सुईत जातो आणि पुन्हा स्पीकरमधून बाहेर येतो.

राहता राहिले पैसे. बिल करताना घरी माणूस पाठवू का असं विचारलं होतं, तेव्हा ‘मुलगा बसवेल’ असं उत्तर मिळालं. त्याबद्दल तक्रार नाही, पण डबा हातात दिला आणि मोकळे झाले, असं लिहिणं बरोबर नाही. आज पैसे परत देणार नाही. वरचं सगळं करूनही घूं राहिलं, तर बिल घेऊन या. दुकानात तुमच्यासमोर जोडू आणि दोष निघाला तर टर्नटेबल बदलून देऊ. सुई सूक्ष्मदर्शकाखाली तुम्हालाही दाखवू. नाण्याने वाकली असेल तर नव्या सुईचे पैसे तुमचे, बसवायचे काही नाहीत. आणताना सुईला झाकण लावा, मागचं वजन आणि वरची थाळी काढून वेगळी गुंडाळा, आर्म त्याच्या खुंटीला अडकवा. सोमवारी दुकान बंद असतं.