‘लेखात माणूस दिसत नाही’ या आक्षेपाविषयी

नमस्कार. नागपुरातील अंबाझरी तलावाच्या पुरावरील माझा लेख आपण इतक्या बारकाईने वाचलात, याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप दोन आहेत. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे जिच्या स्वतःच्या घरात गुडघाभर पाणी शिरले, तिने सरकारी अहवालासारखे अलिप्त लिहावे, हे आपल्याला कृत्रिम वाटले. आणि तिसऱ्या परिच्छेदात ही अलिप्तताही सुटली आहे. दुसरा आक्षेप पूर्णपणे बरोबर आहे. पहिला मला मान्य नाही.

त्या लेखाचा विषय माझे घर नव्हता. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, १८७० च्या सुमारास बांधलेला तलाव भरून वाहू लागला, नाग नदीच्या पात्रात ते पाणी मावले नाही आणि काठच्या वस्त्यांत शिरले. यातील प्रत्येक दुवा वाचकाला तपासता यावा, चूक असेल तर खोडता यावा, एवढ्यासाठी तो लेख लिहिला होता. तेथे मी माझे नुकसान मांडले असते, तर आपल्यासारख्या सहृदय वाचकाने त्याचा मान राखून प्रश्न विचारणे थांबवले असते. दुःखात असलेल्या माणसाची उलटतपासणी कोणी करत नाही, करूही नये; म्हणूनच जे विधान तपासले जावे असे वाटते, ते दुःखाच्या आडोशाला ठेवणे मला अप्रामाणिक वाटते.

मराठीत तर सर्वनाम निवडले की बरेच काही ठरून जाते. ‘मी म्हणते’ असे लिहिताच लिहिणारी बाई आहे हे क्रियापदच सांगते. ‘आम्ही’मधून वाचक बाहेर राहतो आणि ‘आपण’मध्ये त्याची संमती गृहीत धरली जाते. १८८१ साली निघालेल्या ‘केसरी’च्या अग्रलेखांतील ‘आम्ही’ला वृत्तपत्राचे पाठबळ होते, ते एकट्या निबंधकाराला नसते.

मात्र अलिप्त लिहिणे म्हणजे कर्ता लपवणे, असे मी मानत नाही. ‘परवानगी देण्यात आली’, ‘पात्र अरुंद झाले’ अशी वाक्ये वरवर तटस्थ दिसतात, पण ती कोणाला तरी वाचवतात. परवानगी कोणी दिली हे ठाऊक असेल तर तसे लिहिले पाहिजे, ठाऊक नसेल तर तेही सांगितले पाहिजे. ‘असे मानले जाते’ हा शब्दप्रयोग मी याच कारणाने टाळते. निबंधातून वगळायचा तो केवळ लिहिणारीचा ‘मी’. घटनेतील माणसे, त्यांची कामे आणि त्यांच्या चुका तेथे राहिल्याच पाहिजेत.

आता तिसरा परिच्छेद. सगळ्या लेखात ‘नेले’, ‘आले’ अशी रूपे असताना तेथे अचानक ‘आम्ही सामान माडीवर नेलं, तोवर पाणी ओट्यापर्यंत आलं होतं’ असे वाक्य येते. ते पुराच्या आठवड्यात वहीत लिहिले होते, आणि मोह न आवरल्याने जसेच्या तसे लेखात घातले. आपण दाखवल्यावर प्रथम ते ‘काठच्या घरांत पाणी ओट्यापर्यंत आले होते’ असे बदलून पाहिले. पण मी पाहिले होते फक्त माझ्या घरचे पाणी, इतरांच्या ओट्यांचे नव्हे. नव्या वाक्यात सूर जुळत होता आणि विधान खोटे ठरत होते. म्हणून ते वाक्य काढून टाकले आहे. त्या पहाटेविषयी स्वतंत्र ललित लेख लिहीन, तेव्हा त्यात ‘आम्ही’ असेल आणि ‘नेलं’, ‘आलं’ हीच रूपे शेवटपर्यंत राहतील.