नेलपॉलिश, भांडी आणि माझी चूक

ताई, नेलपॉलिश टिकवण्याच्या माझ्या लेखाखालची तुमची कमेंट चांगलीच झोंबली. 'तुम्ही सांगितलं तस्सं केलं. हात पंधरा मिनिटं कोमट पाण्यात बुडवले, पुसले, लगेच दोन जाड हात दिले. तिसऱ्या दिवशी टवके! भांडी घासायला बाई असणाऱ्यांचे हे चोचले. त्यापेक्षा घरीच जेल पॉलिश करते', असं तुम्ही लिहिलंत.

आधी भांड्यांचं. दोन्ही वेळची मीच घासते, त्यामुळे तो टोमणा परत घ्या. पण टवक्यांचा दोष तुमच्या हाताचा नाही, माझ्या लेखाचा आहे. कोमट पाण्याचं ते वाक्य मी पार्लरमध्ये बघून, विचार न करता लिहिलं होतं.

नख दिसायला टणक, पण ते केराटिन नावाच्या प्रथिनाच्या पातळ थरांचं बनलेलं असतं आणि पाणी शोषतं. भिजलं की फुगतं, थोडं सपाट होतं. वाळलं की परत आक्रसतं. वर वाळलेला रंगाचा पापुद्रा मात्र नखाबरोबर तितका हलत नाही. म्हणून तो कडेपासून सुटायला लागतो. तुम्ही फुगलेल्या नखावर रंग लावलात, रात्रीत नख मूळ आकारात आलं, आणि सकाळच्या भांड्यांनी उरलेलं काम केलं. पार्लरमध्ये हात भिजवतात ते कडेची कातडी मऊ व्हावी म्हणून. ती हौस असेल तर आदल्या दिवशी करा. रंग लावायच्या वेळी नख कोरडं ठणठणीत हवं, आणि तेलकट तर अजिबात नको. डोक्याला खोबरेल चोळून, हात धुऊन लगेच लावायला बसलात तर काही खरं नाही. साबणाने धुतलं तरी नखावर थोडा ओशटपणा राहतो. रिमूव्हरमध्ये भिजवलेला कापूस एकदा प्रत्येक नखावरून फिरवा, मग बेस कोट, म्हणजे रंगाखालचा पारदर्शक हात.

आता ते 'दोन जाड हात'. भिंतीला रंग देणारासुद्धा एकदम जाड थापत नाही. वरची साय वाळते, आतला द्रव तसाच अडकतो. बोटाला कोरडं लागतं, पण रात्री चादरीची वीण नखावर उमटते ती यामुळेच. पातळ दोन हात द्या, मध्ये पाचेक मिनिटं जाऊ द्या. आणि ब्रश नखाच्या टोकाच्या कडेवरूनही आडवा ओढा. पाणी शिरतं तिथूनच. टॉप कोटलाही, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक हातालाही, हेच. तिसऱ्या दिवशी टॉप कोटचा आणखी एक पातळ हात दिला तर माझं निदान आठवडाभर निभतं. बाटली घट्ट झाली म्हणून रिमूव्हरचे थेंब मात्र टाकू नका, रंगाची घडणच बिघडते. थिनर वेगळा मिळतो.

भांडी घासताना हातमोजे घाला, या माझ्या सल्ल्यालाही तुम्ही हसलात, त्यात तथ्य आहे. चहाचा एक कप विसळायला मीही मोजे शोधत बसत नाही. रात्रीच्या ढिगाला घालते.

पण माझ्या नखांची खरी वैरीण भांडी नव्हेत, लसूण आहे. टवका नेहमी उजव्या अंगठ्याचा आधी उडतो, डावी करंगळी शेवटपर्यंत शाबूत. लसूण सोलणं, मेथी खुडणं, डब्याचं घट्ट झाकण उचकटणं, सगळं नखाच्या टोकाने. आता पाकळी वरवंट्याने हलकी ठेचते, साल आपोआप सुटते. झाकणाला चमच्याचा दांडा. (हळदीचं म्हणाल तर फिका गुलाबी रंग पिवळट होणारच. मी सरळ मरून रंग लावते. टवका उठून दिसतो हे खरं, पण हळद तरी दिसत नाही.)

जेल, म्हणजे दिव्याखाली धरून पक्कं करायचं पॉलिश, दोन-तीन आठवडे टिकतं, मान्य. पण घरच्या किटमध्ये जेल कातडीला लागलं किंवा दिव्याखाली नीट पक्कं झालं नाही, तर त्यातल्या अ‍ॅक्रिलेट या रसायनांची अ‍ॅलर्जी जडू शकते, आणि ती सहसा जन्माची सोबत करते. काही जेलमध्ये वापरलं जाणारं टीपीओ नावाचं रसायन तर युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंदच केलं. किट घेणारच असाल तर डब्यावरची यादी वाचा, आणि जेल खरवडून काढू नका. नखाचे थर त्याबरोबर निघतात.

मूळ लेखातलं कोमट पाण्याचं वाक्य आज काढलंय. तुमची कमेंट तशीच ठेवलीय, चोचल्यांसकट.