‘सहा जणांची लिफ्ट पुरते’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

चिपळूण, रत्नागिरी, कुडाळकडच्या गाळेधारकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात तो असा: आपल्याकडच्या तीन-चार मजली संकुलाला सहा जणांची लिफ्ट पुरते, केबिनमधल्या पाटीवरचा क्षमतेचा आकडा कंपन्या मुद्दाम कमी लिहितात, दोर तर बारापट वजन पेलतो, छोट्या गावांना लिफ्टचे नियम लागूच नाहीत, आणि गरज पडलीच तर पुढे मोठी लिफ्ट बसवता येते. मी याच पट्ट्यात लिफ्टच्या देखभालीचं काम करतो. हा मेसेज वाचून नकाशा बदलायला निघालेले लोक मला भेटले, म्हणून लिहितोय.

आधी दोर. बारापटीची गोष्ट खरी आहे. तीन किंवा जास्त दोर असले की त्यांची ताकद कमाल भाराच्या किमान बारापट ठेवतात. पण ती राखीव ताकद झिजेसाठी आहे: दोर रोज चाकावरून वाकतो, घासतो आणि आपल्याकडच्या खाऱ्या हवेत गंजतो. जादा माणसं भरली तर दोर तुटत नाही, संकट वेगळंच येतं. दोराच्या दुसऱ्या टोकाला केबिनचा तोल साधणारं वजन, म्हणजे काउंटरवेट असतं: रिकाम्या केबिनइतकं, आणि त्यावर क्षमतेच्या साधारण निम्मं. मोटर, ब्रेक, चाकावरची दोराची पकड, सगळं या तोलावर बेतलेलं. तो तोल फार बिघडला की दार उघडं असतानाच केबिन खाली सरकू शकते, आणि तेव्हा कुणाचा तरी एक पाय बाहेर असतो. जादा भार झाला की वाजणारा बझर वाजू नये म्हणून त्याची वायर काढून ठेवलेली मी पाहिली आहे. ती लिफ्ट मी बंद करूनच निघालो.

पाटीवरचा आकडा कंपनीच्या मर्जीचा नसतो. आयएस १४६६५ या भारतीय मानकात माणशी ६८ किलो धरलेत: सहा जणांना ४०८, आठ जणांना ५४४, तेरा जणांना ८८४ किलो. नव्या आयएस १७९०० मध्ये माणशी ७५ किलो धरतात. केबिनच्या जागेलाही क्षमतेप्रमाणे मर्यादा असते, म्हणजे माणसं प्रमाणाबाहेर मावूच नयेत. सामानाला मात्र हा हिशोब लागत नाही. पाच डझनाची हापूसची पेटी पंधरा-वीस किलोची धरा. तीस पेट्या रचल्या की सहा जणांच्या लिफ्टची मर्यादा ओलांडली, आणि केबिन तर अजून भरल्यासारखी दिसतही नाही. हंगामात पेट्या वर चढवायच्या असतील तर मालाची लिफ्ट वेगळी हवी.

‘सहा जणांची पुरते’ हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो. या मापाची केबिन आतून १.१ बाय १ मीटर, दार ७० सेंटिमीटर. चाकाची खुर्ची सुमारे १ मीटर ५ सेंटिमीटर लांब, ६५ ते ७५ सेंटिमीटर रुंद. ती बऱ्याचदा दारातच अडते. घुसवली तरी एक मीटर खोल केबिनमध्ये ती सरळ मावत नाही, मग ढकलणाऱ्याला जागा कुठून उरणार? राष्ट्रीय इमारत संहितेने अपंगांसाठी तेरा जणांची लिफ्ट सांगितली: आतून २ मीटर रुंद, १.१ मीटर खोल, दार ९० सेंटिमीटर. आपल्या संकुलांत दुसऱ्या मजल्यावर दवाखाना, पॅथॉलॉजी, बँक असते. गुडघे गेलेल्या आजीला तिथे खुर्चीत उचलून नेताना पाहिलंय का? आणि झोपलेला रुग्ण तर या तेराच्या लिफ्टमध्येही जात नाही, कारण स्ट्रेचर दारातून आत वळत नाही. त्यासाठी १ बाय २.४ मीटरची, १०२० किलो क्षमतेची केबिन लागते. वर रुग्णालय येणार असेल तर हे आधीच ठरवा.

नियम लागू नाहीत, हे साफ खोटं. महाराष्ट्राचा २०१७ चा लिफ्ट कायदा सगळ्या राज्याला आहे. त्याआधी १९३९ चा मुंबई लिफ्ट कायदा होता. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा तर लोकांची ये-जा असलेल्या खासगी इमारतींनाही धरतो.

‘पुढे मोठी बसवू’ म्हणणाऱ्यांनी एकदा डक्टमध्ये, म्हणजे लिफ्ट वर-खाली जाते त्या उभ्या पोकळीत, डोकावून पाहावं. सहा जणांच्या लिफ्टला डक्ट सुमारे १.९ बाय १.७ मीटर लागतो, तेरा जणांच्या लिफ्टला २.५ बाय १.९. हे सगळं काँक्रीटचं काम. स्लॅब पडल्यावर साठ सेंटिमीटर आणणार कुठून? नकाशा अजून मंजुरीला गेला नसेल तर आर्किटेक्टला याच आठवड्यात फोन करा.