फक्त सव्वा लाखात युरोप! (अटी लागू)

परवा सकाळी पेपर उघडला तर आतून टूर कंपनीचं ते पत्रक थेट चहाच्या कपावर पडलं. तोच आयफेल टॉवर, तीच बर्फात हात पसरून उभी असलेली शिफॉनच्या साडीतली बाई, आणि त्याच टपोऱ्या अक्षरांत ₹1,24,999. वर्ष उलटलं, रुपया घसरला, पण सव्वा लाख काही जागचे हलले नाहीत. याला म्हणतात स्थैर्य.

2025च्या मे महिन्यात याच पत्रकाच्या नादाने मी, सौ. आणि आई असे तिघं पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली करून आलो. दहा दिवस. तेव्हा ज्यांच्या घरात सध्या हे पत्रक फ्रिजवर चुंबकाने लटकतंय, त्यांना बजेट कसं करायचं हे सांगण्याचा अधिकार मला आहे असं मी धरून चालतो.

सगळ्यात आधी, पत्रक वाचताना चष्मा काढून ठेवावा. चष्मा लावला की घोळ होतो. 1,24,999च्या पुढे एक बारीक अधिकचं चिन्ह दिसायला लागतं, त्याच्यापुढे 1,350 युरो दिसतात आणि त्याच्याही पुढे तांदळाच्या कणीएवढी चांदणी (*). आंबे आणि पेरू यांची बेरीज करायची नसते हे आपण शाळेत शिकलो आहोत. कंपनीने ती केलेली नाही, आपणही करू नये. केलीच तर काय होतं सांगतो. आमच्या वेळी युरो कंपनीच्या हिशेबाने नव्व्याण्णव रुपयांना पडला. म्हणजे ते कोपऱ्यात अंग चोरून बसलेले साडेतेराशे युरो झाले 1,33,650 रुपये. म्हशीपेक्षा शेपूट मोठं.

मग चांदणी. चांदणीचा माग काढत पत्रकाच्या तळाशी गेलात की तिथे सगळं गणगोत बसलेलं असतं. जीएसटी पाच टक्के. त्यावर टीसीएस, म्हणजे कंपनीने आयकर खात्यासाठी आगाऊ घ्यायचा कर, आमच्या वेळी तोही पाच टक्के. तो रिटर्न भरताना वळता होतो हे खरं, पण पैसे भरायच्या दिवशी ‘वळता’ हा शब्द बँक घेत नाही. शिवाय टिप्स, रोजचे पाच युरो माणशी, सक्तीचे. खूश होऊन द्यायची बक्षिशी आधीच्या महिन्यात, बुकिंगबरोबर भरायची असते. ड्रायव्हर कसा निघतो हे बघायची वाट कशाला पाहायची?

व्हिसाबद्दल मी काही बोलणार नाही. फी 90 युरो आहे आणि नाकारला तरी परत मिळत नाही, एवढंच. बाकी ज्यांनी अपॉइंटमेंटसाठी रात्री दोनला उठून स्क्रीन रिफ्रेश केली आहे त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांनी केली नाही त्यांची झोप मी कशाला मोडू?

परदेशात कार्ड वापरताना देशाभिमान बाळगावा. स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नच्या दुकानात सुऱ्या घेतल्या, तेव्हा कार्डाच्या यंत्राने नम्रपणे विचारलं, फ्रँकमध्ये की रुपयांत? सात समुद्रांपलीकडे रुपयाचं चिन्ह दिसल्यावर ऊर भरून आला आणि मी रुपया दाबला. त्या भरलेल्या उराचे हजारभर रुपये जादा गेले, कारण दर तेव्हा माझी बँक लावत नाही, ते यंत्रवाले लावतात. तिथलंच चलन दाबायचं असतं. ते मला कोणी सांगितलं? मुलाने. परत आल्यावर.

चॉकलेटं शेवटच्या दिवशी घेऊ असं ठरवावं, आणि स्वित्झर्लंडमधला शेवटचा दिवस रविवार येईल असं बघावं. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात.

आयफेलचा दुसरा मजला पॅकेजमध्ये असतो. शेंड्यावर जायला वेगळे पैसे.

पाणी नेहमी विकतच प्यावं. बसमध्ये दोन युरोला बाटली मिळते आणि ‘बाहेरचं पाणी पिऊ नका हं’ असं आपुलकीने बजावलंही जातं. झुरिकमध्ये बाराशेच्या वर कारंजी आहेत आणि त्यांचं पाणी पिण्याचं असतं, रोममध्ये रस्तोरस्ती ‘नासोनी’ नावाचे लोखंडी नळ अहोरात्र वाहत असतात, ही असली माहिती डोक्यात ठेवलीत तर बसवाल्याने काय करायचं? आम्हीही ठेवली नव्हती. नवव्या दिवशी रोममध्ये आईनेच दाखवलं, “अरे, तो म्हातारा बघ. नळाला बाटली लावतोय. माझ्यापेक्षा धडधाकट आहे.” तोवर आमच्या तिघांच्या बाटल्यांचे शंभरावर युरो झाले होते.

आई एरवीही बजेटच्या कामाची. स्वित्झर्लंडमधल्या बर्फाच्या दोन ठिकाणांपैकी टिटलिस पॅकेजमध्ये होता आणि युंगफ्राउयोख ऑप्शनल, म्हणजे वेगळे पैसे भरून. टूर मॅनेजरने माइकवर वर्णन केलं, 3,454 मीटर, युरोपातलं सगळ्यात उंच रेल्वे स्टेशन, बोगद्यातून गाडी, आयुष्यात एकदा. आईने विचारलं, “टिटलिस किती?” 3,020. “बर्फ तेच ना?” तिचे दोनशेवर फ्रँक तिथल्या तिथे वाचले. आमचे नाही वाचले. आम्ही शिकलेले.

जर्मनीतून जाताना हायवेवरच्या स्वच्छतागृहाला एक युरो पडतो आणि तेवढ्याच किमतीचं कुपन मिळतं, हायवेवरच्या अशाच थांब्यांच्या दुकानांत चालणारं. कुपन वापरायला थांबायला बस थांबत नाही. आईने सगळी कुपनं घडी घालून आणली. एक तिच्या पोथीत खुणेला आहे.

आता व्हेनिस.

व्हेनिसला जाताना बसमध्ये गाणी लावतात. मग गाणी बंद करतात आणि माइक फुंकतात. “काका-काकू, व्हेनिसला येऊन गोंडोला नाही केला तर केलं काय? घरी जाऊन काय सांगणार? हात वर करा, फक्त चाळीस युरो, पटापट, मला तिथे आकडा कळवायचाय.” पुढच्या दोन रांगांतले हात वर झाले की मागच्यांचे आपोआप होतात. न करणारा आणि त्याची बायको यांच्याकडे सगळी बस वळून बघते, आणि आपल्याला चाळीस युरोपेक्षा ती नजर महाग वाटते. आम्ही तिघं आणि नाशिकचं एक जोडपं असे पाच जण एका होडीत. पाच चोक दोनशे युरो. अर्धा तास. आई पूर्ण वेळ सौ.चा हात धरून “पाणी फार काळं आहे गं” म्हणत होती आणि नाशिकचे गृहस्थ व्हिडिओ काढत होते. उतरलो. उतरताना धक्क्यावरची पाटी दिसली. दिवसा 90 युरो, अर्धा तास. खाली लिहिलेलं, जास्तीत जास्त पाच माणसं. नव्वद माणशी नाही. नव्वद होडीचे! दर तिथल्या महापालिकेने ठरवून दिलेला, पाटीवर लावलेला, चार भाषांत कोणालाही कळेल असा. आणि आम्ही दिले दोनशे. वरचे एकशे दहा युरो गेले कुठे? मी विचारलं. शांतपणे विचारलं, सौ.ला विचारा. तर तो टूर मॅनेजर, असेल अठ्ठावीस वर्षांचा मुलगा, हसून म्हणतो, “काका, त्यात कोऑर्डिनेशन आलं.” कोऑर्डिनेशन! पाच माणसांना एका होडीत बसवायचं कोऑर्डिनेशन! आमच्या इथला सहा आसनी रिक्षावाला अकरा माणसं बसवतो, तो मागतो का कोऑर्डिनेशनचे? आणि त्या बसमध्ये चाळीस माणसं होती. म्हणजे आठ होड्या. आठ गुणिले एकशे दहा. करा तुम्हीच. मी तो गुणाकार व्हेनिसच्या धक्क्यावर उभा राहून केला आणि नंतर सेंट मार्क चौकात मला कबुतरंसुद्धा दिसली नाहीत.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे बाकीच्यांना पाटी दाखवली तर ते म्हणाले, “जाऊ द्या हो, एवढं आलोय तर.” ‘एवढं आलोय तर’ या तीन शब्दांवर आख्खा धंदा उभा आहे. मूळ पत्रकावर नाही, चांदणीवरही नाही.

असो. सल्ला द्यायचा होता.

शेवटचा सल्ला, घरी आल्यावर खर्च किती सांगायचा त्याबद्दल. आम्ही गेलो तेच मुळी साडूंच्या भरवशावर. ते आदल्या वर्षी जाऊन आले होते. म्हणाले, “अहो, सव्वादोनात होतं आरामात माणशी. तुम्ही उगाच घाबरता.” त्या सव्वादोनावर मी एफडी मोडायचा हिशेब केला. मग नंतर दुसरी मोडली. साडूंचं क्रेडिट कार्डाचं बिल कधी बघितलंय का मी? नाही. त्यांनी माझं बघितलंय का? तेही नाही. हे असंच चालायला हवं.

कारण गेल्या रविवारी सोसायटीच्या मीटिंगनंतर खालच्या मजल्यावरच्या जोडप्याने विचारलं, “काका, तुम्ही गेला होतात ना? साधारण किती धरायचे?” आणि मी, गोंडोल्याच्या पाटीसमोर थरथरत उभा राहिलेला मी, काय म्हणालो असेन? “सव्वादोनात होतं हो आरामात.”

सौ. शेजारी उभी होती. घरी येईपर्यंत काही बोलली नाही. मग चहा टाकताना म्हणाली, “तुम्ही आणि भाऊजी, दोघे साडू सारखेच.”

तिचं बरोबर आहे. आता हे चेष्टेत सांगत नाही. आपण खोटं बोलतो. स्वस्तात केलं हे सांगायला चढाओढ, आणि जास्त गेले हे सांगायची लाज, कारण जास्त गेले म्हणजे आपण फसलो. मग शेजारी फसतो, त्याचा भाऊ फसतो आणि पत्रकवाल्याला आकडा बदलायची गरजच पडत नाही, त्याची जाहिरात आपणच करतो, फुकट, वर पेढे देऊन. निवृत्तीचे पैसे मोडून जाणारी माणसं असतात यात. ते खालचं जोडपं, त्याचा पगार मला माहीत आहे, त्याला दोन लहान मुलं आहेत. माझ्या एका वाक्यावर तो चार जणांचे नऊ लाख धरणार आणि व्हेनिसच्या धक्क्यावर उभा राहून गुणाकार करणार. लाज वाटायला हवी. मला आणि तुम्हालाही. तुम्हीही सांगितलाय असा आकडा कोणाला तरी, आठवा.

तर माझा आकडा, कागदावर मांडून, पाण्याच्या बाटल्यांसकट, तीन लाख चाळीस हजार माणशी. तिघांचे दहा लाख वीस हजार. काल संध्याकाळी खाली जाऊन तो कागद मी त्या मुलाच्या हातात दिला. त्याने दोनदा वाचला, मग दार अर्धवट लोटून बायकोला हाक मारली.

आणि साडूंना हे वाचून राग आला तर येऊ दे. या घरी, बिलं घेऊन या, चहा मी देतो.