जरा खाली बसता का?

काल ग्रुपवर फोटो आला. फोटो रोबोटचा आहे आणि उजव्या कोपऱ्यात खाली एक राखाडी कोपर दिसतंय, ते माझं.

प्लांटमध्ये पाहुणे येणार होते आणि वरून निरोप आला, रोबोटला हात हलवायला लावा. आमचा रोबोट दिवसभर खोकी उचलून पॅलेटवर रचतो. त्याच्या मनगटाला हात नाहीये, व्हॅक्यूमचे सहा काळे रबरी कप आहेत, पण म्हटलं ठीक आहे, हलवतो. प्रोग्रॅम लिहिला, ऑटोमध्ये चालवला, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, संपायला हवं होतं.

पण त्यात एक काका होते. फोन दुसऱ्याच्या हातात देऊन स्वतः जाळीला पाठ लावून उभे राहिले आणि म्हणाले, "त्याचा हात माझ्या खांद्यावर आल्यासारखा दिसू दे. मी आत येऊ का?" म्हटलं काका, आत कुणाला येता येत नाही. "अहो पण तुम्ही जाताय की!" म्हटलं मी टेक्निशियन आहे. "हो का, मला वाटलं हा स्वतःच चालतो."

मग काय, मी टीच मोड (म्हणजे रोबोट बटणं दाबून हाताने चालवायचा मोड) लावून, पेंडंट म्हणजे त्याचा हातातला रिमोट घेऊन आत. टीच मोडमध्ये रोबोट सेकंदाला २५० मिलिमीटरच्या वर जात नाही, म्हणजे मैत्रीचा हात अत्यंत विचार करून पुढे येतो. काका सांगतायत, "डावीकडे." आता डावीकडे म्हणजे काकांच्या, फोनवाल्याच्या, माझ्या की रोबोटच्या? काकांची पाठ रोबोटकडे, माझं तोंड काकांकडे, आणि पेंडंटवर डावं-उजवं नसतंच, वाय प्लस आणि वाय मायनस असतं. मी वाय प्लस दाबलं. हात काकांच्या डोक्यावरून पलीकडच्या बाईंच्या खांद्याकडे निघाला. "अहो तिकडे कुठे!" काका ओरडले. बाई हसल्या, फोनवाल्याने तोही फोटो काढला, आणि मग म्हणाला, "ते मागे उभे आहेत ना, ते फ्रेममध्ये येतायत. दादा, जरा खाली बसता का?"

बसलो. रिकाम्या पॅलेटच्या आड उकिडवा. आता पेंडंटला मागच्या बाजूला एक डेडमॅन स्विच असतो, तो अर्धा दाबून धरायचा. सोडला तरी रोबोट थांबतो, आणि घाबरून जोरात आवळला तरी थांबतो, कारण माणूस घाबरल्यावर कधी हात सोडतो तर कधी मूठ आवळतो. ज्याने कुणी हे शोधलं त्याने माणसाचा फार बारीक अभ्यास केला असणार, फक्त पॅलेटमागे दहा मिनिटं उकिडव्या बसलेल्या माणसाचा केला नव्हता. माझी बोटं बधिर झाली, स्विच जरा जास्त दाबला गेला आणि खट्, ब्रेक लागले.

"हँग झाला का?" काका.

"नाही, माझा हात भरून आला."

"तुमचा?" काका मान वळवून खरंच बुचकळ्यात पडलेले. "तुमचा काय संबंध?"

यावर मी काय बोलणार! गेल्या महिन्यात याच रोबोटच्या एनकोडरची, म्हणजे जॉइंट किती वळलेत ते सांगणाऱ्या सेन्सरची, बॅटरी संपलेली, त्यात पॉवर गेली आणि रोबोटसाहेबांना स्वतःचा हात कुठे आहे हेच आठवेना. सहाच्या सहा जॉइंट, प्रत्येकावरची खूण खुणेसमोर आणून, टॉर्च तोंडात धरून, पहाटे चारपर्यंत मास्टरिंग करत बसलेला माणूस कोण होता? बॅटरी बदला म्हणून त्याआधी तीन मेल कुणी टाकलेले? रोबोट हा शब्दच मुळात वेठबिगारीवरून आलाय, चेक भाषेतल्या 'रोबोटा' या शब्दावरून, कारेल चापेकच्या १९२० सालच्या नाटकामुळे तो जगभर झाला. आमच्या सेलमध्ये, म्हणजे या जाळीच्या आत, तो शब्द नेमका कुणाला लावायचा ते एकदा ठरवायला हवं. वेठबिगाराचं ग्रीसिंग तरी वेळेवर होतं, माझं जेवण फोटोच्या दिवशी पावणेचारला झालं.

शेवटी फोटो निघाला. काका खूश. जाताना माझ्या समोरून गेले, रोबोटकडे बघून जाळीवर थाप मारली आणि म्हणाले, "शाब्बास!"

आणि काल तो फोटो आला तो या ओळीसकट : माणसाचा हातही न लागता! खाली कुणीतरी विचारलं, ते कोपर कुणाचं? लगेच आमच्या साहेबांचा मेसेज, "क्रॉप करून टाका." मी तिथे अंगठा दिला, काय करणार.

आज सकाळी नवा फोटो आलाय. कोपर गेलं, पण कापताना उजवीकडचे दोन रबरी कपही गेलेत. दुपारपर्यंत तिघांनी मला फोन करून विचारलं, रोबोटला काही झालंय का.