डिग्री कशासाठी पाहायची? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

ताई, चेहऱ्याचं कॉस्मेटिक ऑपरेशन करणाऱ्याची डिग्री (प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच.) आधी तपासा, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, "डिग्र्यांची भीती घालू नका. चेहऱ्याला चांगला हात लागतो. एम.सीएच. झालेल्यांकडूनही नाकं बिघडतातच. बहिणीचं लग्न मेमध्ये आहे, तिला कमी खर्चात नाक करून घेऊ द्या."

नाकं बिघडतात, हे खरं. डिग्री सुंदर नाकाची हमी देत नाही. ती पाहायची, काही बिघडलं तर पुढच्या काही तासांसाठी.

फेसलिफ्टनंतर, म्हणजे चेहऱ्याची सैल कातडी ताणून बसवल्यावर, कातडीखाली रक्त साचतं, ते बहुधा पहिल्या 24 तासांत. वेळेत काढलं नाही तर वरची कातडी मरते. पापणीच्या ऑपरेशननंतर डोळा ठणकून बाहेर आल्यासारखा झाला, दिसेनासं होऊ लागलं, तर टाके तिथल्या तिथे उघडावे लागतात, नाहीतर दृष्टी जाते. हायलुरॉनिक ॲसिडचं फिलर (चेहऱ्याला भराव द्यायला टोचतात ते जेल) रक्तवाहिनीत शिरलं की कातडी पांढरी पडते. तेव्हा ते विरघळवणारं औषध, हायलुरोनिडेज, त्याच खोलीत हवं, मेडिकलमधून मागवून चालत नाही. म्हणून रात्री दोनला फोन कोण उचलेल, ओटी कुठली, भूल देणारे डॉक्टर शेवटपर्यंत थांबतील का, हे आधीच विचारा.

आणि तुम्ही म्हणता तो हात तयार कुठे होतो? एम.एस.नंतरच्या 3 वर्षांच्या एम.सीएच.मध्ये, भाजलेले आणि अपघातात फाटलेले चेहरे शिवताना. काही आठवड्यांच्या कॉस्मेटॉलॉजीच्या कोर्समध्ये तो येत नाही. मात्र नाकासाठी त्यात तरबेज ईएनटी सर्जन, जबड्यासाठी एम.डी.एस. (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) झालेले मॅक्सिलोफेशियल, म्हणजे जबडा-चेहऱ्याचे, सर्जनही योग्यच. हे मूळ लेखात राहिलं, ती चूक माझी.

नागपुरात धंतोली असो की रामदासपेठ, दवाखान्याची पाटी वाचून थांबू नका. नोंदणी क्रमांक मागा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासा. एम.बी.बी.एस.च्या पुढची पदवी तिथे दिसते का, तेही बघा. एम.डी.एस. असतील तर नोंद दंत परिषदेकडे. फोटो मागाल तेव्हा समोरून आणि बाजूने, सारख्याच उजेडातले, ऑपरेशनला वर्ष झालेले मागा. महिन्याभराच्या फोटोत नाकाची सूजच दिसते.

बहिणीचं नाक एप्रिलमध्ये मात्र करू नका. आठवडाभर नाकावर स्प्लिंट (आधाराची कडक पट्टी), डोळ्यांखालचा काळानिळेपणा दोनेक आठवडे, शेंड्याची सूज वर्षभर. त्यात नागपूरचं मेचं ऊन, ताज्या व्रणावर पडलं की तो काळवंडतो. लग्न होऊ द्या, नाक दिवाळीनंतर बघा.